खरं असेल तर दाराशी ये

बुऱ्हाणपुरात माणूस मेला हे डॉक्टरनं सांगितलं तर घरचे रडायचे, पण गाव काही मानायचं नाही. गाव मानायचं ते वामननं सांगितल्यावर. बाजारात कुणी म्हणालं, "काय वो, शिंप्याचा म्हातारा गेला म्हणतात," की समोरचा आधी हेच विचारणार, "वामनची रिक्षा फिरली का?" फिरली नसेल तर म्हातारा अजून खाटेवर बसून चहा पितोय असं समजायचं. शनवारा मोहल्ल्यातले एक आजोबा तर सगळ्यांनी आशा सोडल्यावर डोळे उघडून उठले, आणि पाणी मागायच्या आधी त्यांनी विचारलं, "वामनले सांगून तर नाही ना आले?" नव्हते आले. मग आजोबा निवांत आणखी एक पोळा जगले.

तर असा हा वामन भावसार. भावसार हे त्याच्या बायकोला, मालतीलाच काय ते आठवायचं, बाकी सगळ्यांना तो वामन भोंगेवाला. अंगानं काटकुळा, गळ्याला बारा महिने मफलर. थंड पाणी नाही, आंबट नाही, आणि केळीच्या गावात जन्म काढून केळं नाही. घसा धरतो म्हणे! लोक हसायचे, पण त्या घशाला मानायचे. कडू नावाचा त्याचा दोस्त रिक्षा चालवायचा, टपावर दोन भोंगे, आणि मागच्या सीटवर माइक घेऊन वामन. आज नळ येणार नाहीत, अमक्याची बकरी हरवली, तमक्या दुकानात साड्यांचा सेल लागला, सगळं तोच सांगायचा. सेलच्या वेळी आधी गाणं, मग वामन, मग परत गाणं. त्यात तो वाटेल ते बोलायचा. "लुट गया, लुट गया, दुकानवाला लुट गया!" दुकानवाला गल्ल्यावर बसून दात काढायचा. लोकांनाही ठाऊक, सेलचं बोलणं ते सेलचं बोलणं.

मयतीचं मात्र वेगळं. मयतीला गाणं नाही. कडू रिक्षा माणसाच्या चालीनं न्यायचा. वामन माइकला दोन टिचक्या मारायचा, थोडा थांबायचा, आणि मग अगदी धीम्या आवाजात गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचा. एकदा, आणि परत एकदा. मागच्या सीटवर कुणाला दिसत नसायचं, तरी तेवढा वेळ त्याचा डावा हात छातीवर असायचा. त्या दोन टिचक्या ऐकल्या की वाणी तराजू धरून थांबायचा, बायका फोडणी खाली उतरवायच्या. त्या आवाजात वामन कधी खोटं बोलला नव्हता, आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं. याहून मोठी इस्टेट त्याच्याकडे नव्हती.

हा आवाज त्याला दिला रंभाबाईनं. रंभाबाई त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा वामन रांगत होता. रंभाबाईचं लग्न झालं तेव्हा हे पोर तिच्या पदराला लटकून तिच्या सासरी गेलं, राजघाटाच्या उतारावरच्या सगळ्यात खालच्या गल्लीत. नवरा भला माणूस, कधी वर-खाली बोलला नाही, पण लवकर गेला. मग रंभाबाई घाटावर बसून द्रोणातले दिवे आणि फुलं विकायला लागली. लोक तापीमायला दिवा सोडायला यायचे. तिचा स्वतःचा आवाज बारीक, म्हणून ती वामनला पायरीवर उभं करून ओरडायला लावायची.

"नुसता बोंबलू नको रे वामन्या," ती म्हणायची. "पलीकडच्या काठावरच्या माणसाले असं वाटलं पाहिजे का या पोराला माझीच काळजी आहे."

पोरानं ते मनावर घेतलं. पलीकडून लोक वळून बघायला लागले. पुढं एका कपड्याच्या दुकानदारानं तो आवाज उचलला, आणि मग गावानं.

आता जीवनभाऊ. जीवनभाऊ म्हणजे राजघाटच्या वॉर्डातून पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभा राहिलेला माणूस. कडक पांढरा कुर्ता, तोंडात सदा वेलदोडा, भेटेल त्याच्या खांद्यावर हात. निवडणुकीत वामन सगळ्यांचंच बोलायचा, आज याचं, उद्या त्याचं. तेही सेलसारखंच, गाणं लावून. लोकही तसंच ऐकायचे, एका कानानं आत, दुसऱ्यानं बाहेर. पण जीवनभाऊ हुशार. मेला हुशारच होता, ते नाकारून चालणार नाही. त्यानं वामनला चहाच्या टपरीवर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "वामनभैया, वो सेल जैसा मत बोलो मेरे लिए. गाना-वाना कुछ नहीं. तुम मय्यत का जैसा बोलते हो ना, बस वैसा बोलो."

वामन चरकला. "साहेब, तो आवाज मी कशालाच वापरत नाही."

"अरे, झूठ के लिए थोड़े ही माँग रहा हूँ! राजघाट के नीचे के जितने मकान हैं, सबको ऊपर पक्का घर. जगह देख ली है मैंने. तुम्हारी दीदी को भी मिलेगा. अब बात सच्ची है, तो सच्ची आवाज में बोलोगे कि नहीं?"

वामन बहिणीकडे गेला. रंभाबाई तेव्हा वाती वळत होती. दर पावसाळ्यात तिच्या घरात ओल चढायची, भिंतीला बुरशी, दम्यानं छाती भरायची. वर पक्कं घर म्हटल्यावर तिचे हात थांबले. हातातली वात तिनं बाजूला ठेवली.

"बोल," ती शेवटी म्हणाली. "पण सांभाळून बोल. तसा आवाज एकच आहे तुह्याजवळ."

दुसऱ्या दिवशी राजघाटच्या गल्ल्यांत गाण्याशिवाय रिक्षा फिरली. माइकला दोन टिचक्या. बायकांनी फोडण्या उतरवल्या, कोण गेलं म्हणून दारात आल्या. आणि वामन धीम्या आवाजात म्हणाला, "राजघाटच्या प्रत्येक माय-बहिणीला वर पक्कं घर मिळणार आहे. वर पक्कं घर मिळणार आहे." शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आली. पुढं गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं आडवी होऊन जातील. आत टोकाला, आपल्या दारात रंभाबाई उभी होती, पदर डोक्यावर घेऊन, देवाचं काही ऐकावं तशी. तिला बघून वामननं छातीवरचा हात घट्ट दाबला, आणि कुणी न सांगता त्याच्या तोंडून निघालं, "हा वामनचा शब्द आहे."

जीवनभाऊला हे भलतंच आवडलं. त्यानं वामनला एका दुकानात नेऊन तेच सगळं रेकॉर्ड करून घेतलं, शेवटच्या वाक्यासकट. जीवनभाऊ निवडून आला. दणक्यात आला.

आणि पुढं? पुढं काय, सांगायला हवं का? वरच्या जागेवर एक पाटी लागली. पाटीवर जीवनभाऊचा हात जोडलेला फोटो. पाटी गंजली, तिला बकऱ्या अंग घासायला लागल्या. घर एक नाही. वामन चकरा मारून थकला. "फाइल चल रही है," "ऊपर से रुका है," "अगले महीने पक्का." गरज सरो वैद्य मरो. पण जीवनभाऊनं तोंडाला पानं पुसली ती राजघाटाच्या, आणि राजघाट भांडायला येणार कुणाकडे? जीवनभाऊच्या बंगल्याला तर फाटक होतं. वामनच्या घराला पडदा होता. लोक रस्त्यात अडवायचे, "काय वामनभाऊ, चावी आणली का घराची?" आधी थट्टेनं. मग थट्टा राहिली नाही.

एकदा तो राजपुऱ्यात एका मास्तरीणबाईंच्या मयतीची खबर देत होता. दोन टिचक्या, धीमा आवाज, नाव दोनदा. वरच्या खिडकीतून एका बाईनं विचारलं, "खरंच गेल्या का, का जीवनभाऊसारखं?" आजूबाजूचे हसले. वामननं माइक खाली ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही. मालतीनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "तुमचं काय चुकलं? तुम्ही तर दुसऱ्याचं बोललात." पण वामनला माहीत होतं, शेवटचं वाक्य दुसऱ्याचं नव्हतं.

पाच वर्षं अशीच सरत आली. दिवाळीनंतर परत निवडणूक. आणि त्या पावसाळ्यात जीवनभाऊला राजघाट परत आठवला. श्रावणात तापी जरा चढली, घाटाच्या दोन-चार पायऱ्या बुडाल्या, तसा त्याचा फोन, "वामनभैया, बाढ़ आ रही है, सबको स्कूल में बुलाओ." आता पुराला नाही कोण म्हणणार? वामननं सांगितलं, आपल्या त्याच आवाजात. लोक पोरंबाळं, गाठोडी घेऊन शाळेत आले. तिथं जीवनभाऊ डावभर खिचडी हातात घेऊन उभा, शेजारी फोटोवाला. नदी होती तिथंच राहिली. काही दिवसांनी परत तेच. या वेळी भोपाळहून कुणी मोठे साहेब पाहणीला यायचे होते, त्यांना दाखवायला बुडीत माणसं हवी होती. ओल्या फरशीवर म्हाताऱ्या दिवसभर बसून राहिल्या. साहेब आले, गाडीतूनच हात हलवून गेले. नदीनं त्या दिवशी पायरी सोडा, वाळूसुद्धा भिजवली नव्हती.

रंभाबाई त्या दिवशी धाप टाकत घरी आली. घाईत निघताना तिच्या दिव्यांची पाटी लोकांच्या पायाखाली तुडवली गेली होती. वामन मागोमाग आला, दारातच उभा राहिला, खाली मान घालून.

"बस," रंभाबाई म्हणाली. रागावली नव्हती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "वामन्या, तुह्या तोंडातून कोण बोलतं, हे मले आता समजत नाही रे. भोंग्यात तू कोणता आणि तो जीवन कोणता? यापुढं भोंग्यावरून सांगशील तर मी काही उठणार नाही. खरं असेल तर दाराशी ये. भोंगा तिकडं ठेव, आणि तुह्या तोंडानं मले सांग. मग मी आंधळी होऊन तुह्यामागं येईन."

"येईन ताई," वामन छातीवर हात ठेवून म्हणाला. "खरं असेल तर मी दाराशी येईन."

"शब्द?"

"शब्द."

ती हसली आणि म्हणाली, "जा आता, घसा जप, मालतीले म्हण काढा दे."

पोळा झाला, गणपती तोंडावर आले. जीवनभाऊनं रिक्षा आत्तापासूनच अख्ख्या मोसमाकरता बांधून घेतली होती. दोन्ही बाजूला त्याचे बॅनर, मागं त्याचा हात जोडलेला फोटो, टपावर झेंडे. रिक्षा कसली, जीवनभाऊच चाकांवर फिरत होता.

त्या सकाळी बारीक पाऊस होता. कडूच्या मेहुण्याचा वरच्या अंगाच्या गावातून फोन आला. माणूस रडत बोलत होता. बैतूलकडे रात्रभर ढग फुटले होते, त्यांच्या गावातलं देऊळ कळसापर्यंत बुडालं होतं, आणि तेच पाणी खाली निघालं होतं. "दुपारच्या आत तुमच्याकडं येतं," तो म्हणाला. वामननं जीवनभाऊला फोन लावला. त्याच्या माणसानं उचलला, "भैया मीटिंग में हैं." वामननं फोन खिशात टाकला आणि माइक घेतला.

दोन टिचक्या. "सूचना. तापीला पूर येतोय. खरा पूर येतोय. राजघाटच्या सगळ्यांनी वर चला. आत्ता चला." लोक दारात आले. त्यांनी आधी रिक्षा पाहिली, रिक्षावरचा जीवनभाऊ पाहिला, मग एकमेकांकडे पाहिलं. एकानं हाक मारली, "आज खिचडी आहे का पुरी-भाजी?" दुसरा म्हणाला, "भोपाळहून आज कोण वो?" नगरनिगमची गाडीही तेच सांगत फिरत होती, तिला तर लोक त्याहून जोरात हसले. वामन रिक्षातून उतरला, बॅनर ओढून फाडायला लागला. ओल्या कापडाच्या गाठी सुटेनात. कडूनं दातानं दोरी तोडली. अर्धा जीवनभाऊ चिखलात पडला, अर्धा तसाच लोंबत राहिला.

"अरे बाबांनो, मी वामन बोलतोय! वामन! आईची आण!"

काही बायका त्याचं तोंड बघून घाबरल्या आणि पोरं कडेवर घेऊन निघाल्या. त्या निघाल्या तशा आणखी चार घरं निघाली. पण गल्ल्या पुष्कळ, रिक्षा एक. खाली नदीचा रंग पालटत होता. आधी गढूळ, मग लाल मातीचा, मग त्यात अख्ख्याच्या अख्ख्या केळी मुळासकट वाहत यायला लागल्या, घडांसकट. केळी आल्या तेव्हा कुठं लोकांना पटलं. मग जी पळापळ झाली ती विचारू नका. कुणी पोरं उचलली, कुणी गॅसची टाकी, एक म्हातारा बकरीला खांद्यावर घेऊन चढत होता.

रिक्षा शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा पाणी अजून गल्लीत शिरलं नव्हतं. हे नीट ध्यानात घ्या, कारण वामननं पुढं आयुष्यभर हाच क्षण चघळला. गल्ली अरुंद, रिक्षा आत जात नाही. टोकाला ताईचं घर. उतरून पळत गेला असता तर गेला असता. पण मागून हाका, "वामनभाऊ, इकडं, इकडं म्हातारी अडकली!" वामननं माइक तोंडाशी धरला, सगळा जीव गोळा करून ओरडला, "ताई! रंभाताई! मी वामन! निघ ताई, वर चल, पाणी येतंय!" त्याला वाटलं, आपल्या मायेच्या बहिणीला आपला आवाज कळणार नाही का? साऱ्या जगाला नाही कळणार, तिला कळेल. तिनंच तर दिलाय. आणि तो दुसऱ्या म्हातारीकडं धावला. त्या म्हातारीला त्यानं आणि कडूनं खाटेसकट वर काढलं. ती वाचली. अजून आहे.

परत आला तेव्हा गल्ली नव्हती. गल्लीच्या जागी तापी होती.

रंभाबाई दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर सापडली. वाहून गेली नव्हती. घरातच होती.

शेजारची वैजयंती छपरावर चढून वाचली होती. तिनं वामनला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण बाईच्या पोटात ते राहिना. ओल्या ओट्यावर बसून ती बोलली. "मी म्हटलं त्यांना, आत्या, चला ना, वामनभाऊ ओरडून राहिले. तर म्हणाल्या, ऐकलं मी. ओरडू दे. तू जा पोरांना घेऊन. खरं असेल तर वामन दाराशी येईल घ्यायला, त्यानं शब्द दिलाय. चपला घालून, पिशवी घेऊन उंबऱ्यावर बसल्या होत्या वो भाऊ. मी छपरावरून बोलावत राहिले, चला, चला. तर हात करायच्या, का थांब, तो येतोय."

वामननं हे उभ्यानं ऐकलं आणि मग खाली बसला. लोकांना वाटत होतं की बहिणीनं विश्वास ठेवला नाही म्हणून गेली. तसं असतं तर त्यानं जीवनभाऊला शिव्या घातल्या असत्या आणि शिव्यांवर दिवस काढले असते. पण ती विश्वास ठेवूनच गेली होती. भोंग्यावर नाही, भावावर. सगळ्या शहरानं ज्याचं ऐकणं सोडलं त्याची ती चपला घालून वाट बघत बसली होती. जीवनभाऊनं राजघाटाला शब्द देऊन मोडला, आणि वामननं? वामननंही तेच केलं. छातीवर हात ठेवून शब्द दिला आणि आला नाही.

नेपानगरहून रंभाबाईची लेक रश्मी आली. नवरा तिथं कागदाच्या कारखान्यात. तिनं आईच्या पायातल्या चपला काढल्या, धुतल्या, बाजूला ठेवल्या. मग मामाकडं पाहिलं.

"मामा, सगळ्यांच्या दाराशी गेलात," ती म्हणाली. "आमच्याच दाराशी का नाही आलात?"

वामननं त्या धुतलेल्या चपलांकडं पाहिलं. तुझ्याच आईनं दिलेला आवाज तिला भोंग्यातूनही कळेल असं वाटलं, म्हणून नाही आलो, असं कसं सांगायचं?

कडूनं रिक्षा धुऊन आणली, भोंगे पुसले, बॅनरचा उरलेला तुकडाही काढला होता. मयतीची खबर द्यायला हवी होती. वामन मागच्या सीटशी आला, माइककडे बघितलं, आणि उलटा फिरला. चालत निघाला. एकेका दाराशी उभा राहायचा, कडी वाजवायचा, दार उघडलं की म्हणायचा, "मी वामन. रंभाताई गेली. माझी रंभाताई गेली." नाव दोनदा, सवयीनं. कुणी विचारलं नाही खरं की खोटं. दाराशी येऊन रडणाऱ्या माणसाला काय विचारणार? ज्यानं हसून खिचडीचं विचारलं होतं, त्याच्या दाराशीही गेला. तो माणूस दारातच खाली बसला आणि डोकं धरून राहिला.

त्या दिवसापासून वामननं भोंगा सोडला. कुणाकडं मयत झाली आणि बोलावणं आलं तर तो पायी जायचा, दारोदार. मालती त्याच्या तळपायांना तेल लावायची.

जीवनभाऊ सांत्वनाला आला होता. फोटोवाला बाहेर ठेवण्याइतकी लाज त्याला होती, हेही सांगितलं पाहिजे. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दीदी के नाम से घाट पे कुछ बनाएँगे." आणि दिवाळीनंतर त्याचा माणूस आला, प्रचाराला आवाज द्या म्हणाला. वामन म्हणाला, "आवाज गेला माझा." माणूस हसला, "कोई बात नहीं भैया, आवाज तो है हमारे पास."

वामनला तेव्हा कळलं नाही. कळलं दोन दिवसांनी.

तो रंभाबाईच्या ओट्यावर बसला होता. रोज दुपारी तिथं येऊन बसायचा. घराला दार उरलं नव्हतं, पुरानं नेलं होतं, नुसती चौकट होती आणि चौकटीवर चिखलाची रेघ. गल्लीच्या तोंडाशी एक नवी रिक्षा येऊन थांबली. दोन टिचक्या वाजल्या. वैजयंतीचा हात पिठात होता तसाच थांबला. आणि वामनचाच आवाज, तरणा, भरलेला, गल्लीत शिरला, "राजघाटच्या प्रत्येक माय-बहिणीला वर पक्कं घर मिळणार आहे. वर पक्कं घर मिळणार आहे."

वामन धावत गेला. रिक्षात मागं कुणीच नव्हतं, सीटवर एक डबा आणि त्याला लागलेली वायर. चालवणारा अनोळखी, सिंधीपुऱ्याकडचा. वामननं हात जोडले, "बंद कर रे भो. हा मी आहे. हा माझा आवाज आहे."

"तो क्या?" त्यानं विचारलं. मग जरा मऊ होऊन म्हणाला, "चाचा, मेरी बंद करोगे, और चार घूम रही हैं शहर में."

वामननं आजूबाजूला पाहिलं. एकही दार उघडलं नव्हतं. एकही बाई बाहेर आली नव्हती, हसायलाही नाही. हसण्याइतकंही त्या आवाजाचं आता कुणाला काही वाटत नव्हतं. तो वळला आणि गल्लीत आत गेला, भिंतीला हात लावत, टोकापर्यंत. चौकटीपाशी उभा राहिला. कडी नव्हती, म्हणून लाकडावरच बोटं वाजवली.

"ताई," तो म्हणाला. भोंगा नाही, माइक नाही, नुसत्या तोंडानं. "ताई, मी आलोय. दाराशी आलोय. खरं आहे ताई, पाणी येतंय. ऊठ, चल."

आत उन्हाचा एक पट्टा, वाळलेला चिखल आणि त्यात रुतलेली दिव्यांची मोकळी पाटी होती. मागं गल्लीच्या तोंडाशी, भोंग्यातून, तोच वामन छातीवर हात ठेवून सांगत होता, "हा वामनचा शब्द आहे."

तो परत म्हणाला, "चल ना ताई." आणि पुढं रिक्षा निघून गेल्यावरही म्हणत राहिला. शेवटी वैजयंती पिठाचे हात पदराला पुसत आली, तिनं त्याला दंडाला धरून ओट्यावर बसवलं आणि स्वतःही त्याच्या शेजारी बसली.